लेकरू घरातच वाढावं म्हणून

मागच्या भागात आपण गटातल्या अंतर्गत कर्जाच्या वहीबद्दल बोललो. आजचा विषय वहीत बसणारा नाही, पण आपल्या प्रत्येक गटात तो कुणाच्या ना कुणाच्या घरात आहे. नवरा वारलेली, नवऱ्याने टाकलेली, नाहीतर दुखण्याने अंथरूण धरलेली एखादी बाई आणि तिची दोन-तीन पोरं. मे महिना संपत आला की तिला कुणीतरी हमखास सांगतं, "अगं, टाक की पोरं संस्थेत. जेवण फुकट, शाळा फुकट. तुझ्या डोक्याचा ताप तरी कमी होईल." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. बाईलाही दुसरी वाट दिसत नसते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा एक पेटी, दोन कपड्यांचे जोड आणि रडणारं पोर घेऊन ती एसटीत बसते.

आज आपण बोलणार आहोत ते याबद्दल. पोर संस्थेत टाकण्याआधी कोणकोणत्या वाटा आहेत, संस्थेत गेलेलं पोर घरी परत कसं आणता येतं, आणि ज्याला घरच नाही त्याला आपल्यापैकी कुणी घर देऊ शकतं का.

आधी एक घोळ दूर करू. आपल्या कोल्हापुरात पोराला 'बोर्डिंगात ठेवणं' ही अभिमानाची गोष्ट आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्यानंतर इथं जातीजातींची, धर्माधर्मांची बोर्डिंगं उभी राहिली आणि खेड्यातली हजारो पोरं त्यात राहून शिकली. त्यामुळे आपल्याला बोर्डिंग, वसतिगृह आणि बालगृह हे सगळं एकच वाटतं. पण त्यात फरक आहे. बोर्डिंगातलं पोर शिकायला गेलेलं असतं. दिवाळीला, उन्हाळ्याला ते घरी येतं. आपलं घर कुठं आहे आणि आपलं माणूस कोण आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. बालगृह हे कायद्याने वेगळं आहे. ज्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, म्हणजे ज्याला सांभाळणारं कुणी नाही किंवा ज्याच्या घरात धोका आहे, त्याच्यासाठी ती सोय आहे. तिथं मुलाला बाल कल्याण समितीच्या आदेशाने ठेवतात. घरात गरिबी आहे एवढ्याच कारणाने पोराने तिथं वर्षानुवर्षं राहावं, अशी कायद्याची इच्छा नाही.

हे आम्ही मनाने सांगत नाही. २०१५ सालचा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात सुरुवातीलाच तत्त्वं दिली आहेत. त्यातलं एक तत्त्व असं की मुलाला संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय असावा, आणि तोही नीट चौकशी झाल्यावर. दुसरं तत्त्व असं की मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या जन्मदात्या कुटुंबाची. म्हणजे क्रम ठरलेला आहे. आधी स्वतःचं घर. ते जमत नसेल तर नात्यातलं घर. तेही नसेल तर दुसरं कुटुंब, दत्तक किंवा प्रतिपालक. त्यातलं काहीच जमलं नाही तर संस्था. आपण मात्र हा क्रम उलटा करून बसलोय. अडचण आली की पहिली आठवण संस्थेची होते.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातल्या अशा संस्थांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला. साडेनऊ हजारांहून जास्त संस्था आणि त्यात पावणेचार लाखांच्या आसपास मुलं निघाली. ही सगळी मुलं अनाथ आहेत असं आपल्याला वाटेल. तसं नाही. त्यातल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील, कुणीतरी एक हयात आहे. आपण ज्यांना 'अनाथाश्रमातली पोरं' म्हणतो, त्यातल्या कितीतरी जणांची आई कुठंतरी उसाच्या फडात, कुठं वीटभट्टीवर, कुठं यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरत असते. पोरं अनाथ नसतात. आईच्या हातात पैसा आणि पाठीशी माणूस नसतो, एवढंच.

आता कुणी म्हणेल, "पण संस्थेत काय वाईट आहे? दोन वेळचं जेवण मिळतं, अभ्यास होतो." बरोबर आहे. कोल्हापूर जिल्ह्यात चांगल्या चालवलेल्या संस्था आहेत. तिथल्या ताई, मावश्या पोटच्या पोरासारखं बघतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण विचार करा. एका मावशीच्या वाट्याला पंधरा-वीस पोरं असतील, तर रात्री ताप आलेल्या एकट्या पोराच्या उशाशी ती किती वेळ बसणार? शिवाय तिची पाळी बदलते, नोकरी बदलते. पोराने जीव लावावा आणि माणूस निघून जावं, असं दोन-चारदा झालं की पोर जीव लावायचंच सोडून देतं.

युरोपात रोमानिया नावाचा देश आहे. तिथं एका हुकूमशहाच्या राज्यात १९६६ साली गर्भपातावर बंदी आली. पोरं जन्माला आली, पण सांभाळायला घरात काही नाही, म्हणून हजारोंनी सरकारी अनाथालयांत गेली. पुढे तिथं बुखारेस्ट शहरात डॉक्टरांनी १३६ लहान मुलांचा अभ्यास केला. निम्म्या मुलांना संस्थेतून काढून प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं आणि बाकीची तेव्हा होती तिथंच राहिली. काही वर्षांनी पाहिलं तर घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांशी नातं जोडणं हे सगळं सुधारलेलं होतं. साधारण दोन वर्षांच्या आत घरात गेलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. आपल्या आजीला हे शास्त्र माहीत नव्हतं. पण लेकराला मांडी लागते, हे तिला माहीत होतं.

म्हणजे पोराला घर पाहिजे. पण घरात पैसा पाहिजे, हेही तितकंच खरं. म्हणून आता पैशाचं बोलू.

आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. ही काही नवी नाही. पूर्वी तिच्यात महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले. २०२३ मध्ये ती रक्कम २२५० रुपये केली आणि योजनेला नाव दिलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. हे नाव योग्यच आहे. १८६३ साली सावित्रीबाई आणि जोतिरावांनी पुण्यात आपल्या घरी विधवांसाठी प्रसूतिगृह उघडलं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा पुढे त्यांनी दत्तक घेतला. तोच डॉक्टर यशवंत. या घरात जन्मलेलं लेकरू त्यांच्याच घरात वाढलं.

ही योजना १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. आई-वडील दोघंही नाहीत, दोघांपैकी एकच आहे, आई-वडील वेगळे झालेत, पालक तुरुंगात आहेत, पालकाला कर्करोग किंवा एचआयव्ही यांसारखा गंभीर आजार आहे, अशा मुलांना तिचा लाभ मिळू शकतो. पोर आईजवळ असेल तरी चालतं, आजीजवळ, मामाकडे, आत्याकडे असेल तरी चालतं. हिशोब करून बघा. महिन्याला २२५० म्हणजे वर्षाला २७ हजार रुपये. दोन पोरांचे ५४ हजार. शाळेची वह्या-पुस्तकं, दूध, कपडे, आजारपण यांतला बराचसा भार यातून निघतो.

दुसरी वाट केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यची. त्यात प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४००० रुपये मिळतात. त्याला उत्पन्नाची अट आहे. खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांपर्यंत आणि शहरात ९६ हजारांपर्यंत. कुणाला कोणती योजना लागू होते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारायचं. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतो. पुढे प्रकरण बाल कल्याण समितीसमोर जातं. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात निदान एक महिला असतेच. तिथं जायला घाबरू नका. तिथं वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत.

कागदपत्रं लिहून घ्या. पेन नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला हाक मारा. मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड. मुलाचा जन्माचा दाखला. शाळेचा बोनाफाईड. रेशन कार्ड. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. वडील किंवा आई वारली असेल तर मृत्यूचा दाखला. बँकेचं पासबुक. घरासमोर उभं राहून पालक आणि मुलं यांचा एकत्र फोटो. यातला मृत्यूचा दाखला बहुतेक ठिकाणी अडतो. घरात माणूस गेल्यावर दाखल्याचं कुणाला सुचत नाही, आणि वर्ष उलटून गेल्यावर तो काढायला हेलपाटे पडतात. म्हणून गटातल्या कुणाच्या घरी अशी घटना झाली की दहाव्या-बाराव्याला भेटायला जाल तेव्हाच ग्रामपंचायतीच्या दाखल्याची आठवण करून द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

हा पैसा दर महिन्याच्या एक तारखेला खात्यावर पडतोच असं नाही. कधी चार-सहा महिने उशीर होतो आणि मग एकदम जमा होतो. त्या मधल्या काळात बाई पुन्हा हताश होते आणि पुन्हा संस्थेचा विषय निघतो. इथं गटाचं काम आहे. आमच्या भागातल्या काही गटांनी ठराव केलाय की बालसंगोपनाचा आदेश हातात असलेल्या एकल आईला त्या आदेशावर अंतर्गत कर्ज द्यायचं, कमी व्याजाने, आणि अनुदान आलं की वळतं करून घ्यायचं. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा आणि पोर एसटीत बसवण्यापेक्षा हे बरं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावचा ठराव राज्य सरकारने इतर गावांसमोर ठेवला. आपल्याला त्याचा अभिमान आहे. आता त्याच्या पुढची पायरी घेऊ. बाईचं कुंकू राहिलं, तशी तिची पोरंही तिच्याजवळ राहिली पाहिजेत. ग्रामसभेत तोही विषय आला पाहिजे.

आता जी पोरं आधीच संस्थेत गेली आहेत त्यांचं बघू. त्यांना घरी आणता येतं का? येतं. पण गाडी करून गेलं आणि घेऊन आलं, असं नाही करायचं.

आमच्या ओळखीची एक ताई आहे. नाव-गाव सांगत नाही. नवरा गेल्यावर तिने दोन्ही पोरं एका संस्थेत ठेवली होती. तीन वर्षांनी गटातून शेळीपालनाचं कर्ज मिळालं, बालसंगोपनाचा अर्ज झाला, आणि तिने पोरं परत आणायचं ठरवलं. समितीने आधी घराची चौकशी करून घेतली. मग दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस पोरं घरी आली. धाकटा सात वर्षांचा. पहिल्या दिवशी तहान लागली तर आईसमोर हात बांधून उभा राहिला आणि विचारलं, "पाणी पिऊ का?" आईला हुंदकाच फुटला. स्वतःच्या घरातल्या माठातलं पाणी प्यायला परवानगी लागत नाही, हे त्या पोराला पुन्हा शिकावं लागलं. थोरली मुलगी अकरा वर्षांची. ती आजीशी बोलेना. तिच्या मनात राग होता, "मला सोडलं का?" तो राग आठ दिवसांत जात नाही, आठ महिनेही लागतात. उन्हाळ्यात ती पोरं महिनाभर राहिली, आणि जूनमध्ये गावच्या शाळेत नाव घातलं. आता मुलगी गटाच्या बैठकीत आईची वही वाचून दाखवते.

यातून शिकायचं ते हे. आधी भेटी, मग सुट्टी, मग कायमचं येणं. शाळेचा दाखला आधी बघून ठेवायचा. शेजारणींनी, नातेवाइकांनी पोरांना "तुला तर आईने टाकलं होतं" असं चेष्टेतही म्हणायचं नाही. पोर अंथरुणात ओलं करील, उलट बोलेल, ताटातलं लपवून ठेवील. हे सगळं होतं आणि हळूहळू जातं. आणि पोराला विचारायचं. कायद्यातही मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगितलंय.

घाई केली तर काय होतं, हेही देशाने पाहिलंय. करोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थांतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी सूचना दिल्या, ज्यांना घरी पाठवणं शक्य आणि योग्य आहे त्यांचा विचार करायला सांगितलं. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना कळवलं की संस्थांतली मुलं १०० दिवसांत कुटुंबात पाठवण्याची तजवीज करा. त्यावर मुलांसाठी काम करणाऱ्या पुष्कळ जणांनी हरकत घेतली. लॉकडाऊनने घराघरांतली चूल विझलेली असताना पोरं ठरावीक मुदतीत परत पाठवायची, तर ती शाळेत जातील की कामाला जुंपली जातील? हा सवाल रास्त होता. प्रत्येक पोराचं घर वेगळं असतं. मुदत घालून ते ठरत नाही.

आणि काही घरं अशी असतात की तिथं पोर जाऊच नये. आम्ही एक मुलगी पाहिली. तिला लांबच्या नात्यातल्या काकूकडे ठेवलं होतं. अनुदान काकूच्या हाती यायचं, आणि मुलगी पहाटेपासून धुणी-भांडी, शेण, जनावरं. आठवड्यात दोन दिवस शाळा. अंगणवाडीच्या ताईंनी ते हेरलं आणि ग्राम बाल संरक्षण समितीत विषय काढला. समितीने पुढे कळवलं आणि मुलीची दुसरीकडे सोय झाली. म्हणून लक्षात ठेवा, 'घर' म्हणजे नुसतं नातं नव्हे. जिथं दारू आहे, मारहाण आहे, मुलीच्या अंगाला हात लावणारा कुणी आहे, त्या घरापेक्षा चांगली संस्था शंभर पटीने बरी. अशा पोरांसाठीच संस्था आहेत. ज्यांना घर मिळू शकतं ती मुलं घरी गेली, तर संस्थेतल्या मावशीला या पोरांकडे बघायला वेळ मिळेल.

आता तिसरी गोष्ट. ज्या मुलाचं स्वतःचं घर उभं राहू शकत नाही, नात्यातही कुणी नाही, आणि ज्याचं दत्तक होत नाही, त्याचं काय? दत्तकाला लोक तान्हं बाळ मागतात. आठ वर्षांचा मुलगा, बारा वर्षांची मुलगी, किंवा तीन भावंडं एकत्र, यांना कोण नेतं? अशांसाठी कायद्यात प्रतिपालकत्वाची सोय आहे. शहरातले लोक त्याला फॉस्टर केअर म्हणतात. म्हणजे परक्या मुलाला आपल्या घरात ठेवून घ्यायचं, त्याचं खाणं-पिणं, शाळा, औषधपाणी बघायचं. आदेश बाल कल्याण समिती देते. मिशन वात्सल्यमधून त्यासाठीही महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे. भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची. मुलाचे आई-वडील असतील आणि त्यात मुलाचं अहित नसेल, तर ते भेटायला येऊ शकतात. घराची दर महिन्याला तपासणी करायची, असं कायदा सांगतो.

हा विषय बैठकीत काढला की बायका तीन गोष्टी विचारतात.

पहिली, "जमिनीत वाटा मागेल का?" नाही. दत्तक वेगळं, प्रतिपालकत्व वेगळं. आपले शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते कोल्हापूरच्या गादीचे वारस झाले. दत्तकाने असा हक्क मिळतो. प्रतिपालनात मिळत नाही. मूल काही काळ आपल्याकडे राहतं, वाढतं, कधी आपल्या घरी परत जातं, कधी मोठं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहतं. पण दहा वर्षांचं परक्या घरचं मूल आपलं होऊ शकतं का, असा कुणी सवाल केला तर त्याला कोल्हापूरचा इतिहास सांगा. शाहू महाराज दत्तक आले तेव्हा दहा वर्षांचेच होत आले होते.

दुसरी, "आम्हा एकट्या बायकांना देतात का?" देतात. पूर्वी विवाहित जोडप्यालाच मूल देत असत. २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, कायद्याने विभक्त झालेली व्यक्तीही आता प्रतिपालक होऊ शकते. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी, कुणालाही सांभाळू शकते. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगाच देतात. दोन वर्षं चांगलं जमलं आणि मूल दत्तक देण्यासारखं असेल, तर दत्तकाचाही विचार होतो. पूर्वी त्याला पाच वर्षं लागत. ही सोय साधारण ६ वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. पालकाच्या वयाच्याही अटी आहेत, त्या कक्षात विचारून घ्या.

तिसरा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, "जात कुठली असेल?" याचं उत्तर आम्ही एवढंच देतो की भुकेल्या पोराला भाकरी वाढताना जी गोष्ट आपण विचारत नाही, ती अंथरूण देतानाही विचारू नये. ज्या मनाला हे पटत नाही, त्याने हे काम घेऊ नये. पोराला उंबऱ्यावर ठेवण्यापेक्षा न आणलेलं बरं.

आणि चार हजारांसाठी कुणी पोर आणू नये. वाढत्या पोराला चार हजार पुरत नाहीत, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. गावात कधी कुणी अनोळखी माणूस येतो, "पुण्याला, मुंबईला मोठी संस्था आहे, पोरं द्या, इंग्रजी शाळेत घालतो" म्हणतो. बाल न्याय कायद्याखाली नोंदणी नसलेली संस्था मुलांना ठेवू शकत नाही. तसं केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय पोर कुणाच्याही हवाली करू नका. दवाखान्यातून, ओळखीतून, पैसे घेऊन-देऊन बाळ देणं-घेणं हा तर मोठा गुन्हा आहे. कुठंही सोडून दिलेलं, हरवलेलं, मार खाणारं पोर दिसलं की १०९८ हा फोन फिरवा. तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोन करणारी बाई कोण, याची गावात वाच्यता करायची गरज नसते.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत पाच मिनिटं या कामाला द्या. गावात एकल पालकांची किती मुलं आहेत, त्यांची यादी करा. त्यातल्या किती जणांचे बालसंगोपनाचे अर्ज झालेत ते विचारा. गावातलं कुठलं मूल संस्थेत आहे, त्याची आई कोण, ती शेवटची भेटायला कधी गेली, हे आपुलकीने विचारा. एसटीच्या भाड्यावाचून भेट राहिली असेल, तर गटाने ते भाडं द्यावं. भेटीत खंड पडला की पोर परकं होत जातं. ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष असतात. ती कागदावर आहे की खरंच बसते, हे ग्रामसंघाने बघावं. आणि १८ वर्षं पूर्ण होऊन संस्थेतून बाहेर पडणारी मुलं-मुली असतात. त्यांच्यासाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, पण सणाला जायला घर नसतं. आपल्या तालुक्यातल्या संस्थेशी बोलून अशा एखाद्या मुलीला बेंदराला, गणपतीला, दिवाळीला घरी बोलवायची परवानगी मिळते का ते विचारा.

आमच्या गटांनी या वर्षापुरतं एक काम अंगावर घेतलंय. आमच्या प्रभागात पैशाच्या कारणाने एकही नवं पोर संस्थेत जाऊ द्यायचं नाही. जूनपर्यंत किती अर्ज झाले, किती मंजूर झाले आणि किती अडकले, याचा हिशोब पुढच्या एखाद्या भागात याच केंद्रावरून तुम्हाला देऊ. तुमच्या गावचाही हिशोब आम्हाला कळवा.